परदेश सहलीहून आल्यावर घरचं जेवण बसत नाही? आधी काय तपासायचं, नंतर काय

नाशिकच्या गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या पट्ट्यात मी पोळी-भाजीचे डबे देते. मे संपत आला की आणि दिवाळीची सुट्टी सरली की एक ठरलेला फोन येतो. "ताई, कालच आलो बाहेरून. आठवडाभर डबा द्या, पण एकदम हेल्दी. तेल नको, भात नको, भाकरी आणि मोडाची उसळ द्या." तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबा परत येतो तेव्हा भाकरी तशीच असते, उसळ नुसती चिवडलेली. मागोमाग तक्रारही येते: पोट गच्च झालंय, झोप लागत नाही, तोंडाला चव नाही. आठवडा सरेपर्यंत घर पिझ्झा-बिर्याणीवर गेलेलं असतं आणि सगळ्यांचं एकमत झालेलं असतं की आपल्याला असलं खाणं जमत नाही.

जमतं. हीच तक्रार वर्षानुवर्षं ऐकून आणि निस्तरून माझी खात्री झाली आहे की बहुतेक घरांत जेवणाचा काही दोष नसतो. शरीर अजून तिकडच्या वेळेवर चालत असतं आणि त्याच आठवड्यात आपण त्याच्यापुढे सगळं नवं ताट ठेवतो. त्रास वेळेचा असतो, नाव भाकरीचं होतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी वेळ, मग पाणी, मग घरातला माल, मग चव, आणि ताट बदलायचं ते त्यानंतर. पहिल्या गोष्टी फुकटातल्या आहेत. अवघड ते शेवटी.

लक्षणं

रात्री दोन-तीनला टक्क जाग येते आणि कडकडून भूक लागते. दुपारी जेवायला बसलं तर घास फिरतो. चारच्या सुमाराला डोळे मिटतात आणि संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहवत नाही. पोट फुगलेलं, दोन-तीन दिवस साफ नाही. काहींचं उलट, दिवसातून तीनदा जावं लागतं. घरची भाजी सपक लागते. भाकरी कडसर लागते. बोटातली अंगठी घट्ट झालेली असते. आणि हे सगळं घरात एकालाच नाही, कमीजास्त सगळ्यांना होतं.

यातलं काहीही असलं तरी खालचा क्रम धरून चला. मात्र ताप, शौचात रक्त, एकाच पायाला सूज, धाप किंवा डोळ्यांत पिवळेपणा यातलं एकही असेल तर मधलं काही वाचत बसू नका, थेट शेवटचा भाग वाचा.

पहिली तपासणी: घड्याळ

कुठून आलात यावर लक्षणं बदलतात, म्हणून मी सगळ्यांना पहिला प्रश्न तोच विचारते.

युरोपातून उन्हाळ्यात परतलात तर पॅरिस-रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, लंडन साडेचार. हिवाळ्यात त्यात एकेक तासाची भर पडते. आपण रात्री आठला ताट वाढतो तेव्हा पॅरिसच्या हिशेबाने दुपारचे साडेचार झालेले असतात. भूक कुठून लागणार? खरी भूक लागते ती बाराच्या पुढे. रात्रीचे दोन म्हणजे तिकडचे साडेदहा, म्हणून अंथरुणावर नुसती तळमळ होते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्यांचा दिवसच उलटा झालेला असतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे. आपण दुपारी एकला जेवतो ती त्यांची पहाटेची साडेतीनची वेळ, घास फिरणारच. आपल्या रात्री दोनला तिकडे साडेचारचा चहा होत असतो, म्हणून तेव्हा फ्रीज उघडावासा वाटतो.

जपानकडून आलेल्यांचं नेमकं उलट. ते साडेतीन तास पुढे आहेत. संध्याकाळी साडेसातला त्यांच्या शरीरात रात्रीचे अकरा वाजतात. माणूस न जेवता झोपतो आणि साडेतीनला उठून बसतो.

दुबई किंवा थायलंडहून आला असाल तर फरक फक्त दीड तासाचा आहे. तुमच्या त्रासाचं कारण घड्याळ असण्याची शक्यता कमी. दुसऱ्या तपासणीवर जा.

सर्वसाधारण हिशेब असा की एका तासाच्या फरकाला साधारण एक दिवस धरायचा. युरोपवाल्यांना चार-पाच दिवस, अमेरिकावाल्यांना आठ-दहा. पूर्वेकडे येताना शरीराला जास्त जड जातं, कारण दिवस लवकर सुरू करायचा असतो, आणि शरीराला दिवस लांबवणं सोपं जातं, आखडणं नाही. युरोप-अमेरिकेतून आपण पूर्वेकडेच येतो.

करायचं काय? पहिल्या दिवसापासून नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण आपल्या इथल्या वेळेला घ्यायचं, भूक असो नसो. नसेल तर अर्ध्याने. पोटालाही स्वतःचं घड्याळ असतं आणि ते जेवणाच्या वेळेवरून लागतं. रात्री दोनला उठून पोटभर खाल्लं की आपण त्याला सांगतो, तिकडचीच वेळ चालू ठेव. अगदीच राहवलं नाही तर एक केळं किंवा मूठभर मुरमुरे. ताट वाढून घ्यायचं नाही. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची, गजर लावून. तीननंतर चहा-कॉफी बंद.

उजेडाचंही सांगते, कारण याबाबत लोक मोठ्या उत्साहाने उलटं करतात. युरोपातून आल्यावर पहिले दोन दिवस मुद्दाम पहाटे साडेपाचला उठून फिरायला जाऊ नका. शरीरात तेव्हा मध्यरात्र असते आणि त्या वेळचा उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो. साडेआठनंतरचं ऊन घ्या, दोन दिवसांनी तासभर अलीकडे या. जपान-बालीकडून आलेल्यांनी संध्याकाळी पाच ते सात बाहेर उजेडात राहायचं, म्हणजे झोप पुढे सरकते. अमेरिकावाल्यांनी उन्हाचा हिशेब करत बसू नये. फरक इतका मोठा असतो की जेवणाच्या वेळा धरणं जास्त उपयोगी पडतं.

आमच्याकडे डबा घेणारे एक काका आहेत. मुलाकडून अमेरिकेहून आले आणि तिसऱ्या दिवशी फोन: "ताई, तुमच्या भाकरीनं पोट बिघडलं हो." मी विचारलं, "काका, डबा एकला पोचतो. तुम्ही जेवता किती वाजता?" म्हणाले, "एकला भूकच नसते. साडेचारला थंडच खातो. मग रात्री दोनला तुमच्या काकू दडपे पोहे करतात." मी म्हटलं, "काका, भाकरी दोन दिवस बंद करते, पण दडपे पोहेही बंद. एकला मुगाची खिचडी वाटीभर का होईना, खायचीच. आठला वरणभात." त्याच आठवड्यात डबा रिकामा यायला लागला आणि मग त्यांनीच भाकरी मागून घेतली.

हे जमेपर्यंत आहारात दुसरा कुठलाही बदल करू नका. माझ्याकडून कळकळीने सांगण्यासारखं या सगळ्यात काही असेल तर एवढंच. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल.

दुसरी तपासणी: पाणी

घर पंधरा दिवस बंद होतं. म्हणजे फिल्टरच्या टाकीतलं पाणीही पंधरा दिवस तसंच पडलेलं. फिल्टर पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे साठलेल्या पाण्याला मग कसलंच संरक्षण उरत नाही. आल्याआल्या टाकी पूर्ण रिकामी करा, पुन्हा भरू द्या, ते पाणीही कुंड्यांना किंवा भांड्यांना वापरा. मशीनच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढं करा. तोवर उकळून गार केलेलं पाणी प्या. एवढं करूनही वास किंवा चव वेगळी लागली तर फिल्टरवाल्याला बोलवा. स्वतः फिल्टर उघडू नका.

दुसरं म्हणजे पिण्याचं प्रमाण. विमानातली हवा अतिशय कोरडी असते, दमटपणा बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. त्यात स्वच्छतागृहाला जायला नको म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. घरी पोचतात तेव्हा शरीर कोरडं असतं आणि पहिल्याच जेवणात ज्वारीची भाकरी. तंतू फुगायला पाणी लागतं. ते मिळालं नाही की मळ घट्ट होतो. लघवीचा रंग फिकट होईपर्यंत पाणी, पातळ ताक, वरणाचं पाणी चालू ठेवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र त्यांचंच ऐका.

तिसरी तपासणी: डबे, बरण्या, फ्रीज

"भाकरी कडू लागते" ही तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारते, पीठ कधीचं?

बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश बराच असतो. दाणा अख्खा असतो तोवर टिकतो. एकदा दळला की त्यातलं तेल आणि ते तेल मोडणारं दाण्यातलंच द्रव्य एकत्र येतात आणि पीठ कडवट होत जातं. मेच्या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. सहलीआधी दळून ठेवलेलं बाजरीचं पीठ परत आल्यावर वापरलंत तर सुगरणीच्या हातची भाकरीही कडूच होणार. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवा. आधी काही लागत नाही, पाच-सहा सेकंदांनी घशाशी कडसरपणा येतो. आला की टाकून द्या. ज्वारीचं पीठ जरा जास्त टिकतं, नागलीचं (नाचणीचं) त्याहून. तरीही दळण ताजं आणि थोडं आणावं, एका वेळी दोन किलोच्या वर नको. गिरणीवाले देतात, फक्त मागायला हवं.

शेंगदाण्याचं कूट, किसलेलं खोबरं, तीळ, उघडी राहिलेली तेलाची पिशवी: यांचा नुसता वास घ्या. खवट वास म्हणजे तेल खराब झालेलं. लोक नव्या भाजीला, नव्या मसाल्याला दोष देतात आणि मूळ बरणीतल्या कुटात असतं. रवा आणि डाळी ताटात पसरून उजेडात बघा.

फ्रीज चालू ठेवून गेला असाल तर मध्ये वीज किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी जाताना फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे. आतलं सगळं फेका, वास घेत बसू नका. काही जंतूंना वास नसतो.

इतकं झालं की एक चक्कर बुधवारच्या बाजाराला, गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी. फार काही आणू नका. गिलकी (घोसाळी), दोडका, दुधी, डांगर (लाल भोपळा), मेथीची जुडी, आलं, लिंबं, कोथिंबीर. पहिल्या चार दिवसांना पुष्कळ झालं.

चौथी तपासणी: चव

हॉटेलचं, विमानातलं, पाकिटातलं खाणं आपल्या घरच्यापेक्षा जास्त खारट असतं. दोन-तीन आठवडे ते खाल्लं की जिभेची सवय तिकडे सरकते आणि घरची तीच भाजी सपक लागायला लागते. भाजी बदललेली नसते. ही सवय परत खाली येते, पण तिला काही आठवडे द्यावे लागतात. पहिल्याच दिवशी "आजपासून मीठ निम्मं" असं जाहीर केलं की घरातला सगळ्यात लहान माणूस आधी फुटतो, मग बाकीचे.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही भाजी, आमटी, पोळी, लोणचं, पापड, शेव, फरसाण सगळं धरून. यातलं भाजीतलं मीठ तोडायला सगळ्यात अवघड आणि पापड-लोणच्यातलं सगळ्यात सोपं. म्हणून तिथून सुरू करा. भाजीचं मीठ पहिला आठवडा आहे तसंच ठेवा, पुढच्या आठवड्यापासून थोडं थोडं कमी करा. कमी झालेल्या मिठाची जागा आंबट आणि वासाने भरून काढायची. वाढताना वरून लिंबू. आमटीत आमसूल. लसूण तांबूस होईपर्यंत परतलेली जिऱ्याची फोडणी. कांदा थेट जाळावर काळा होईस्तोवर भाजून केलेलं काळ्या मसाल्याचं वाटण. हे असेल तर मीठ कमी पडल्याचं आपल्याकडच्या माणसाला कळतही नाही. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असतं आणि ते अशांच्या रक्तात साठू शकतं.

तेलाचं मोजमाप चमच्याने होत नाही, कारण फोडणी घालताना कुणी चमचा मोजत नाही. पिशव्या मोजा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. महिन्याचं होतं ८१० ग्रॅम, म्हणजे एका माणसाला एक लिटरच्या पिशवीपेक्षा थोडं कमीच. चौघांच्या घरात तूप-लोणी धरून महिन्याला साडेतीन लिटरच्या पुढे जात असाल तर कुठे जातंय ते शोधा. बहुतेक वेळा ते भाजीत नसतं, रविवारच्या तळणात आणि पराठ्यांत असतं.

तेल कमी करण्याचा खरा उपाय आपल्या आज्यांकडे होताच: झाकणावर पाणी. दोन चहाचे चमचे तेलाची फोडणी करा, भाजी टाकून एकदा खालीवर करा, मीठ घाला, वर खोलगट ताटली ठेवा आणि त्या ताटलीत पाणी ओता. गॅस बारीक. आतली वाफ गार ताटलीला लागून थेंब होऊन परत भाजीत पडते, म्हणून भाजी खाली लागत नाही आणि वरून तेल सोडावं लागत नाही. मध्ये कोरडी वाटली तर ताटलीतलंच गरम पाणी दोन चमचे घाला. गार पाणी घातलं की चव उतरते. गवार, दोडका, फ्लॉवर, कोबी सगळं असं होतं. भेंडी होत नाही, ती चिकट होते. ती झाकण न ठेवता जाड बुडाच्या कढईत परता. माझ्याकडे नव्याने कामाला येणाऱ्या बाईला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.

पाचवी तपासणी: ताट

आता बदला. पण पायऱ्या-पायऱ्यांनी.

सहलीत मैदा, चीज, मांस, बटाटा खाऊन आलेल्या पोटाला एकदम नागलीची भाकरी, मोडाची मटकी, कच्ची काकडी-गाजर आणि ओट्स दिले की वायू होणारच. आतड्यात राहणारे जंतू जे मिळतं त्यावर वाढतात. तंतू पचवणाऱ्यांची संख्या वाढायला वेळ लागतो. दीड-दोन आठवड्यांत ते होतं. माझा क्रम असा.

पहिले तीन-चार दिवस मुगाच्या डाळीची मऊ खिचडी किंवा वरणभात, गिलकी-दोडका-दुधी यातली एक भाजी, जिरेपूड घातलेलं ताक, एखादं फळ. भाताला घाबरू नका. इगतपुरीकडचा इंद्रायणी वाटीभर खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

मग दुपारच्या जेवणात ज्वारीची एक भाकरी. रात्री नको. पोट शांत राहिलं की पालेभाजी, मेथी किंवा चवळीची, मुगाची डाळ घालून.

साधारण आठवड्यानंतर उसळी. आधी मूग, मग मटकी, सगळ्यात शेवटी हरभरा आणि वाटाणा. रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यायचं, दाणा दोन बोटांत दाबला की सहज चेपला पाहिजे इतका शिजवायचा, हिंग आणि आलं हात राखून नाही घालायचं. मोड कच्चे खाऊ नका, निदान गर्भवती, वयस्कर आणि पोट नुकतंच बिघडलेल्यांनी तर नाहीच. मोड यायला जी ओल आणि ऊब लागते त्यातच जंतूही वाढतात. वाफवून घेतले तरी पोषण फार जात नाही.

नागली त्याच्या पुढे. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्या दारात मिळते आणि तिच्यात १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते सोडू नये, पण ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा मिसळून सुरुवात करावी. कच्ची कोशिंबीर सगळ्यात शेवटी.

सहलीत जुलाब झाले होते का? मग थोडे दिवस दूध बाजूला ठेवा. जुलाबाने आतड्याचं अस्तर दुखावतं आणि दुधातली साखर पचवण्याची ताकद काही काळ कमी होते. ताक-दही बहुतेकांना चालतं.

हे बसलं की मग प्रमाण. त्याच २०२४च्या मार्गदर्शनात दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम सांगितली आहेत. भाजीचा आकडा पुन्हा वाचा. चौघांच्या घराला रोज दीड किलोच्या वर भाजी लागते. आपण अर्धा किलो गवार आणतो आणि चौघांना दोन वेळा पुरवतो, उरलेली जागा पोळ्यांनी भरते. घरचं जेवण आरोग्याचं करायचं म्हणजे तेलाचा धसका घेण्याआधी पिशवीतली भाजी दुप्पट करा. नाशिकमध्ये राहून भाजीत कंजुषी करणं बरं दिसत नाही.

सहावी तपासणी: घरातली माणसं आणि वेळ

ही सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते अर्धी घरं इथेच अडतात.

सहलीत पंधरा दिवस कुणी ओट्याला हात लावलेला नसतो. परत आल्यावर धुण्याचा ढीग, उघड्या बॅगा, दुसऱ्या दिवशी ऑफिस, पोळ्यांच्या मावशी अजून गावाहून यायच्या आहेत, आणि त्याच दिवशी घरातलं कुणीतरी जाहीर करतं की आजपासून बाहेरचं बंद. करायचं कुणी? एकटीने. ती रात्री आठला उभी राहू शकत नाही, कारण तिचंही शरीर वेगळ्या वेळेवर चाललेलं असतं. फोनवरून जेवण मागवलं जातं ते जिभेसाठी कमी, थकव्यामुळे जास्त.

म्हणून पहिल्या आठवड्यात पदार्थ मोजकेच करा. एका वेळी एक भाजी आणि खिचडी किंवा वरणभात. निवडणं-चिरणं घरातल्या इतरांकडे, आणि ते बोलून ठरवा. आपोआप होत नाही. पोळ्या विकत आणा किंवा अर्धा डबा लावा, त्यात कमीपणा नाही. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून ठेवलं, मेथी निवडून सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये टाकली, तर आठवड्यातला रोजचा अर्धा तास वाचतो. भात मात्र उरला तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. बाहेर राहिलेल्या भातात असं विष तयार होऊ शकतं जे पुन्हा गरम करूनही जात नाही.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तिकडे तुम्ही दिवसभर चालत होतात. संग्रहालयं, बाजार, स्टेशनं. इथे आल्यावर लिफ्ट आणि गाडी. भूक चालणाऱ्या माणसाची राहते आणि खर्च बसणाऱ्या माणसाचा होतो. रात्रीच्या जेवणाआधी कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबला पाऊण तास चाला. पोटही हलतं आणि रात्रीची झोपही सुधारते.

तिकडून आणलेलं पास्ता, सॉस, ऑलिव्ह तेल पहिल्या महिन्यात कपाटातच राहू द्या. तिकडची एखादी सवय आणायची असेल तर संध्याकाळी लवकर जेवण्याची आणा.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

वरचं सगळं थकलेल्या, धांदललेल्या पण निरोगी शरीरासाठी आहे. खालच्या गोष्टींवर घरचे उपाय करत बसू नका.

ताप. परदेशातून आल्यानंतरच्या काही आठवड्यांत, आणि हिवतापाच्या भागात जाऊन आला असाल तर वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. हिवतापाची लक्षणं परतल्यावर पुष्कळ दिवसांनी दिसू शकतात. ताप उतरायची गोळी घेऊन दोन दिवस वाट बघायची नाही.

एकाच पोटरीला सूज, दुखणं, ती जागा गरम लागणं. किंवा अचानक धाप, छातीत कळ. लांबच्या प्रवासात बसून बसून पायाच्या नसेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर १०८ला फोन करा. दोन्ही पावलं सारखी, थोडी सुजणं वेगळं. ते दोन-तीन दिवसांत उतरतं.

शौचात रक्त किंवा आव, डांबरासारखा काळा मळ, पाणीही न टिकणारी उलटी, लघवी कमी होणं. मोठ्यांना तीन दिवसांपेक्षा जास्त जुलाब. लहान मूल किंवा वयस्कर असेल तर एक दिवसही पुष्कळ झाला. दोन आठवडे रेंगाळलेले जुलाब परजीवींमुळे असू शकतात, त्याला शौचाची तपासणी लागते. दवाखान्यात पोचेपर्यंत ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, घोट घोट. एक लिटरचं पूर्ण पाकीट एका पेल्यात घालू नका. सहलीच्या पाऊचमध्ये उरलेलं अँटिबायोटिक घेऊ नका, आणि ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवणारी गोळी तर मुळीच नाही.

डोळे पिवळे, लघवी गडद. कावीळ दूषित अन्नपाण्यातून झाली तरी ती दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे सहल संपून महिना झाला म्हणून ती शक्यता सोडून देऊ नका.

पोट फुगलंय, दुखतंय, उलट्या होतायत आणि वायूही सरत नाही, तर रात्र असली तरी निघा. नुसता बद्धकोष्ठ आठवड्याच्या पुढे गेला तर दिवसा दाखवा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळ बदलताना आणि धान्य कमी करताना डोस स्वतः ठरवू नये. भाकरी-भात एकदम कमी केला आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. हा फोन ताट बदलायच्या आधी करायचा. झोप तीन आठवड्यांनीही बसली नाही किंवा वजन आपोआप उतरायला लागलं तरी दाखवा. झोपेची गोळी मनाने सुरू करू नका.

जाताना एका कागदावर लिहून न्या: कुठल्या देशांत, कुठल्या तारखांना होतात, विमान किती तासांचं होतं, नळाचं किंवा ओढ्याचं पाणी प्यायलात का, कच्चं मांस-मासे खाल्ले का, डास चावले का, कुठल्या लशी घेतल्या होत्या, चालू औषधं कुठली. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कागद त्यांच्या हातात द्या.